मशीन तेवढं काढून टाका

जालना जिल्ह्यातल्या बऱ्याच नवरदेवांना मी ढगांत बसवलेलं आहे. काहींना बर्फाच्या डोंगरावर उभं केलंय, काहींना ताजमहालासमोर, आणि एकाला त्याच्या बापाच्या खास आग्रहावरून चंद्रावर. मी लग्नाचं शूटिंग करत नाही. शूटिंगवाले मला कॅमेऱ्याचं कार्ड आणून देतात आणि मी आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून त्यातून बघण्याजोगं लग्न तयार करते. म्हणजे नवरी गोरी करायची, मांडवातली भांडणं कापायची, तोंडात जिलेबी कोंबताना सापडलेले वऱ्हाडी काढून टाकायचे आणि सगळ्यावर गाणं ओतायचं. गाणं ओतलं की काहीही सुखाचं दिसतं.

हे काम करून करून माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही, आणि ते लपवायची मला हौसही नाही. घड्याळ पसंत पडलं नाही म्हणून तोंड फुगवून बसलेला नवरदेव, मानपानाची साडी चिमटीत धरून तिचा पोत तपासणारी विहीण, आहेराच्या भांड्यावर टिचकी मारून बघणारे काका, हे सगळं आधी माझ्या डोळ्यांखालून जातं. लोक घरी घेऊन जातात ते लग्न वेगळं आणि कापून माझ्याकडे उरतं ते वेगळं. हे उरलेलं मी पुसत नाही. हार्ड डिस्क कपाटात रचून ठेवते. नवरा म्हणतो, हा कचरा कशाला सांभाळतेस? मी म्हणते, राहू दे, तुझ्याकडे जेवायला मागत नाही.

आमच्या भागात एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात. घरात मारहाण होऊन बाहेर पडलेल्या बायकांसाठी त्या एक केंद्र चालवतात. त्यांना केंद्राची एक फिल्म करून हवी होती, देणगीदारांना दाखवायला. मी म्हटलं, करते, फुकट करते. मग त्यांच्या समितीची बैठक झाली आणि माझं डोकं उठलं. एकाला बासरी हवी होती, दुसऱ्याला विझणारी पणती. तिसरे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, मला विचारतात, "मॅडम, पीडितेचे अश्रू जरा जवळून घेता येतील का?" मी म्हटलं, आधी तुमचे काढून दाखवा, जमतंय का बघू. फिल्म तिथेच बारगळली. बाई माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं, पण त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्या निमित्तानं केंद्राच्या बाकड्यावर मी बरीच बसले आणि तिथे एकच वाक्य सारखं कानावर पडत राहिलं. सून नांदवायची नसते, मारून हाकललेली असते, पण तिचं सामान परत द्यायची वेळ आली की सासरचे लोक सांगतात, "लग्नात काही दिलंच न्हाई." कपाट? आमचं. भांडी? आमची. गादी? आम्हीच भरून घेतली. इतकं सरळ तोंडानं सांगतात की ऐकणाऱ्याला आपण त्या लग्नाला गेलोच नव्हतो असं वाटावं.

पण मी गेले होते. म्हणजे माझ्या खोलीत बसून गेले होते. आपल्याकडे लग्नात माइकवरून आहेर पुकारतात. कोणी काय दिलं ते साऱ्या मांडवाला कळल्याशिवाय देणाऱ्याला चैन पडत नाही आणि घेणाऱ्याला तर त्याहून नाही. मांडवाच्या एका बाजूला मुलीचा सगळा संसार मांडलेला असतो आणि शूटिंगवाल्याला सक्त ताकीद असते की एकूण एक वस्तू आली पाहिजे. नंतर हेच लोक मला सांगतात, ते भांड्याकुंड्याचं कापा, तिथे गाणं टाका. मी कापते. पण टाकून देत नाही. मी बाईंना म्हटलं, ह्या बायकांना लग्नाचं शूटिंग कोणी केलं ते विचारा. जिल्ह्यातल्या निम्म्या शूटिंगवाल्यांची कार्डं माझ्याकडेच येतात.

तेव्हापासून माझी समाजसेवा हीच. एखादी सून सांगते, लोखंडी कपाट, दारावर मोर. मी डिस्क लावते आणि मोर शोधते. तो तुकडा जसाच्या तसा काढायचा, आवाज ठेवायचा, वर एक फूलसुद्धा लावायचं नाही. आयुष्यभर मी ज्यासाठी पैसे घेतले ते न करणं, एवढंच काम.

अशाच कामात ती आली. वय तिशीच्या आत, अंबडला भावाकडे राहात होती. नवऱ्यानं दाराच्या फटीत घालून चेपलेली तिची डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. तिला बाकी काही नको होतं. भांडी नको, कपाट नको, सोन्याचं तर तिनं नावही काढलं नाही. तिला शिलाई मशीन हवं होतं.

"मामानं दिल्तं," ती म्हणाली. "मामा अंकुशनगरला कारखान्यात होते. मला शिवता येतं म्हणून दिल्तं. मामा असते तर त्यांनीच सांगितलं असतं बराबर. पर ते वारले."

तिच्या भावानं सासरच्यांना शब्द देऊन टाकला होता की दिवाळीनंतर तिला परत आणून सोडतो. भाऊ वाईट होता असं नाही. तो फक्त भाऊ होता. त्याच्या बायकोनं तिला एकदा ताट वाढताना विचारलं होतं, किती दिवस? तिचं म्हणणं, मशीन आलं तर शिवून पोट भरेन, खोली घेईन, कोणाला तोंड उघडायला जागा ठेवणार नाही. मशीन आलं नाही तर त्याच दारात परत जावं लागणार, ज्या दारात तिची बोटं चेपली होती.

दुसरं मशीन मिळण्यासारखं होतं. केंद्राचा एक दाता मशीन वाटायचा. पण त्याची अट अशी की बाईनं मशीनसोबत त्याच्या शेजारी उभं राहायचं, फोटो काढायचा, तोंड दिसलं पाहिजे, आणि तो फोटो त्याच्या दुकानात लागणार. तिनं सरळ नाही म्हटलं. समितीतले पेनवाले गृहस्थ म्हणाले, गरजवंताला इतका ताठा बरा नव्हे. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेन खिशातून काढून पुन्हा खिशात लावलं.

तिचं लग्न टेंभुर्णीच्या पुढच्या एका गावात झालं होतं, सासरच्याच दारी. शूटिंगवाला माझ्या ओळखीचा निघाला आणि डिस्क माझ्याच कपाटात. नवरदेव बघितला आणि आठवला. ढगात बसवलेल्यांपैकीच एक. सासऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं होतं, "पोरगं वरून उतरताना दिसलं पायजे."

मशीन सापडलं. माइकवरचा माणूस ओरडतो, मुलीच्या मामाकडून शिलाई मशीन! त्याच वेळी एक पुढारी मांडवात शिरतात आणि एकच धावपळ उडते. कोणाला तरी सुचतं, मशीन साहेबांच्या हस्ते देऊ. मग सासरा फेटा सावरत पुढे होतो, पुढारी एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला, दोघांचे हात मशीनवर, आणि दोघं कॅमेऱ्याकडे बघतात. मशीन दिलं मामानं, पण देणारा पुढारी आणि घेणारा सासरा. जिला दिलं ती चौकटीत कुठेच नाही. मामाला शूटिंगवाला ओरडतो, "ओ मामा, मागं सरका, मधी येऊन राह्यले!" मामा मागे सरकतात. पुढाऱ्याच्या कोपरामागून त्यांचा फक्त एक हात दिसतो, स्टँडला धरलेला, कारण जमीन उंचसखल आहे आणि मशीन डुगडुगतंय.

मला वाटलं, झालं काम. वीसेक वर्षं असली माणसं पडद्यावर बघूनही मी इतकी भोळी राहिले होते.

बाई, ती, तिचा भाऊ आणि मी, असे आम्ही त्या गावात बैठकीला गेलो. ग्रामपंचायतीच्या खोलीत खिडक्या लावून अंधार केला. आधी बोलणी झाली. सासऱ्यानं सांगितलं, मशीन-बिशीन काही नव्हतं. गावच्या प्रतिष्ठित माणसांनी एकेक करून मान डोलावली. आम्ही लग्नात होतो, आम्हाला काही मशीन दिसलं नाही. तिचा नवरा भिंतीला टेकून मोबाइल बघत बसला होता. त्याच्या बापानं त्याला वरून उतरवला होता, पण तो जमिनीवर अजून आलेला दिसत नव्हता.

मी लॅपटॉप सुरू केला. पहिल्या मिनिटाला ती खोली माझ्या हातातून गेली.

"आरं, ह्यो तर मी!"

"आन ते बघ, अण्णा! अण्णा किती बारीक होते तवा!"

"थांबवा, थांबवा मॅडम, जरा मागं घ्या. ती माझी मंडळी गेली तिथून."

ज्यांनी नुकतंच शपथेवर सांगितलं होतं की मशीन दिसलं नाही, ते सगळे मशीनच्या अवतीभवती जेवत होते. एकानं तर पुढारी येऊन गेल्यावर आपलं ताट मशीनच्या फळीवरच ठेवलं होतं आणि उभ्यानं भात कालवत होता. मी चित्र थांबवलं. म्हटलं, काका, हे तुम्ही ना? म्हणाले, मीच की. म्हटलं, ताट कशावर ठेवलंय?

ते स्क्रीनजवळ वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "ताटाकडं ध्यान न्हाई मॅडम. केस बघा ना, किती काळे होते!"

खोली हसली. मी नाही हसले. मग सासरा उठला. शांतपणे उठला, याचाच मला जास्त राग आला.

"मॅडम, तुमचं काम एक नंबर हाय," तो म्हणाला. "माझ्या पोराला तुमीच ढगात बसवलं ना? आख्ख्या गावानं बघितलं. आता मला सांगा, जो माणूस कधी इमानात बसला न्हाई, त्याला ढगात बसवता येतं. मंग मांडवात एक मशीन ठिवणं तुमाला काय अवघड हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे. हे एडिटिंग आहे. स्वतःचे केस खरे, मशीन खोटं. आपली बायको खरी, मामाचा हात खोटा. मी समजावून सांगायला लागले, कच्चं चित्रीकरण म्हणजे काय, त्यात काही घालता येत नाही, आणि माझ्याच कानाला माझा आवाज गारुड्याच्या आवाजासारखा लागला. पुढच्या आठवड्यात जालन्याला केंद्रात शेवटची बैठक ठरली, तीही बाईंनी आवाज चढवला म्हणून. परतीच्या रस्त्यात भाऊ म्हणाला, "ताई, आता जुळवून घे." ती खिडकीतून कपाशीकडे बघत होती. मला जन्मात प्रथमच माझ्या धंद्याची शिसारी आली.

मोबाइल मात्र वाजायला लागला होता. माझा नंबर त्या गावात कसा पसरला देव जाणे. ताटवाले काका: "मॅडम, तो केसांचा तुकडा तेवढा पाठवा, स्टेटसला ठिवायचाय." दुसरे कोणी: आमच्या आईचं दर्शन त्यात आहे, ती आता नाही, पाठवा. तो मी पाठवला, मेलेल्या आईशी माझं वैर नाही. बाकीच्यांना उत्तर दिलं नाही. जो व्हिडिओ बिलकुल खोटा होता त्याच्या तुकड्यांसाठी सारा गाव रांग लावून उभा होता.

आणि बैठकीच्या दोनएक दिवस आधी सासऱ्याचा आवाज आला. लिहिलेला मजकूर नव्हे, बोलून पाठवलेला संदेश. असल्या माणसांना लिहायचा कंटाळा असतो, आणि स्वतःचा आवाज आवडतो.

"मॅडम, नमस्कार. त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. एक काम होतं. आता निवडणूक तोंडावर हाय. त्या व्हिडिओमदी साहेब आन मी जोडीनं उभे हाव ना, त्याचा एक मोठा फोटो करून द्या, ब्यानरला लावायचाय. फक्त ते मशीन तेवढं काढून टाका. आमच्या दोघांच्या मधी आलंय ते."

मी दोनदा ऐकलं. मग तिसऱ्यांदा, केवळ सुखासाठी. नंतर मी अगदी गरीब गाईसारखं लिहिलं, तात्या, करून देते, पण फ्रेममध्ये गर्दी खूप आहे, नेमकं कोणतं मशीन काढू?

उत्तर लगेच आलं. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"आवं ते, तिच्या मामानं आणल्तं ते शिलाई मशीन. दुसरं कोणतं? जल्दी करा मॅडम."

बैठकीत मी लॅपटॉप उघडलाच नाही. सासऱ्यानं आल्या आल्या विचारलं, "झाला का फोटो?" मी म्हटलं, झालाय, आधी हे ऐकू. मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. आवाज असा की आतल्या खोलीतल्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसरा संदेश संपला. तिचा नवरा मोबाइलमधून वर बघून म्हणाला, "तात्या, कशाला बोलले?" मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

सासऱ्याला लाज वाटली असेल असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. तो माझ्यावर संतापला. "हे आमचं खाजगी बोलणं हाय," तो म्हणाला. "इस्वासानं सांगितलं तुमाला." मी म्हटलं, एडिटिंग आहे तात्या, मनावर घेऊ नका. बाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. पण बाईंनीच मग मशीन परत देण्याचा कागद पुढे सरकवला आणि त्यानं मुकाट्यानं सही केली.

मशीन आणायला टेम्पो घेऊन गेलो. मला वाटलं होतं घरात कोणीतरी वापरत असेल, सासू, नणंद, कोणीतरी. मशीन गोठ्याच्या मागे होतं. वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, पट्टा उंदरांनी कुरतडलेला आणि पायडलपाशी कोंबडीनं गवत गोळा करून अंडी घातलेली. वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यांना मशीन नकोच होतं. ते तिच्याकडे नसावं एवढंच हवं होतं. माणसाचा इतका किळसवाणा कोतेपणा मी इतक्या लग्नांत पाहिला नव्हता. तिनं आधी अंडी उचलून बाजूला टोपलीत ठेवली, नीट, एकेक करून. मी असते तर फेकून मारली असती.

तिनं अंबडला बाजाराजवळ खोली घेतली. पट्टा नवा टाकला, तेल दिलं, आणि दिवाळीच्या आत तिच्याकडे ब्लाउजांची गर्दी झाली. भाऊ दिवाळीनंतर तिला सोडायला कुठेही गेला नाही. मी एकदा तिच्याकडे गेले तेव्हा ती शिवत होती, न मिटणाऱ्या बोटांनी कापड सरकवत. मला चहा दिला आणि थोडं अडखळत म्हणाली,

"ताई, एक मागू? त्या व्हिडिओचा मला फोटो पायजे. पर ते दोघं काढून टाका. मशीन आन मामा तेवढे ठिवा."

मी हो म्हणाले आणि घरी येऊन कामाला बसले. पुढारी काढायचा, सासरा काढायचा, मागे मांडवाचं कापड भरायचं, आणि पुढाऱ्याच्या मागे झाकलेला मामा कुठून तरी जोडायचा. ढगांपेक्षा अवघड काम होतं. मामाचा चेहरा शोधायला म्हणून मी चित्र मागे घेत गेले. पुढारी मागे मागे चालत मांडवाबाहेर गेला. सासरा फेटा सावरत गर्दीत शिरला. आणि मशीनजवळ मामा एकटे राहिले. कोणी त्यांना अजून बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून मशीन पुसलं, चाक हातानं थोडं फिरवून बघितलं, आणि नवरीच्या खोलीच्या दिशेनं बघून हसले.

काही कापावं लागलं नाही, काही भरावं लागलं नाही. मी पुढच्या वेळी तिच्याकडे लॅपटॉपच घेऊन गेले आणि तेवढं तिला दाखवलं. ती शिवणं थांबवून बघत राहिली. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला.

"किती साफ काढलं तुमी त्यांना," ती म्हणाली. "आलेच न्हाईत असं वाटतंय."

"काढलं नाही गं," मी म्हटलं. "ते अजून यायचेत."

तिनं हात पुढे करून चित्र तिथेच थांबवलं.